रुमालावर धरलेली छत्री

अहेरीला माझ्या क्वार्टरच्या मागे कपडे वाळत घालायची तार आहे. तिच्यावर मी सगळं टाकते, फक्त कोशाचा रेशमी स्कार्फ टाकत नाही. तो धुतला की बांबूची टोपली पालथी घालते, तिच्यावर स्कार्फ पसरते आणि वरून छत्री धरून बसते. स्वतः उन्हात. आश्रमशाळेतल्या बाकीच्या मॅडम हसतात. "काऊन मॅडम, रुमालाले लू लागून राह्यली का?" मीही हसते. ज्यांच्याकडून मी हे शिकले त्यांना अख्खं चिमूर हसायचं. त्यांनी कधी छत्री खाली ठेवली नाही.

बाई आता नाहीत. त्यांचं घर पुतण्याने विकलं. मधे एकदा त्या रस्त्याने गेले तर अंगणात फरशी बसवलेली दिसली आणि मोटारसायकल उभी होती. पण माझ्या डोळ्यांसमोर अजून ते शेणाने सारवलेलं अंगण येतं, त्यातल्या दोन लोखंडी खुर्च्या येतात. एकीवर बाई. दुसरी रिकामी, पण रोज पुसलेली.

आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. बाबांनी धान विकून मला चिमूरच्या कॉलेजात घातलं. गावाकडची शेवटची एसटी लवकर सुटायची म्हणून खोली शोधत होतो. बाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. मागची खोली किरायाने द्यायची आहे असं कोणीतरी सांगितलं. खोली द्यायच्या आधी लोक आडनाव विचारतात, मग गाव विचारतात, मग गप्प बसून अंदाज घेतात. त्याआधी दोन ठिकाणी ते झालं होतं. बाईंनी चष्मा नाकावर ओढला आणि माझ्या ओढणीकडे बोट केलं.

"हा डाग कशाचा?"

"वांग्याच्या भाजीचा," मी म्हणाले. मला रडू यायचं बाकी होतं.

"कुठे पडला?"

"मामाच्या घरी. वास्तुपूजनाले."

"मग सांग की. कोण कोण आलं होतं? वांगी कोणी चिरली?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी सांगत गेले. मामाने मांडव कसा घातला, मामी आचाऱ्याशी कशी भांडली, वाढताना भाऊ कसा घसरला. बाई सगळं ऐकत होत्या, मधेमधे "मग?" म्हणत होत्या. शेवटी उठल्या, खडूचा एक तुकडा आणला, बत्त्याने कुटला आणि ती पूड माझ्या ओढणीवरच्या तेलकट डागावर पसरली. "राहू दे रात्रभर. तेल खडू पितो. मग धू. खोली उद्यापासून घे."

बाबा परत जाताना म्हणाले, "बाई चांगली हाय. थोडी येडी हाय, पण चांगली हाय."

बाईंच्या गळ्यात बाराही महिने रेशमी स्कार्फ असायचा. बहुतेक आपल्याच भागातल्या कोशाचे, मधाच्या, गव्हाच्या, सुक्या गवताच्या रंगाचे. चंद्रपूरचं ऊन सगळ्या देशाला माहीत आहे. मे महिन्यात माणसं डोक्याला ओलं फडकं बांधून फिरतात, आणि बाई गळ्याशी नीट गाठ मारून भाजी आणायला निघायच्या. शाळेतल्या पोरी त्यांना रुमालवाल्या बाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "नावं ठेवायला काहीतरी दिलं की पोरी बाकीचं बघत नाहीत," असं त्या म्हणायच्या.

बाकीचं काय, ते मला पुढे एकदा इस्त्री करताना कळलं. रेशमाला इस्त्री करायची तर ते थोडं दमट असताना, उलट्या बाजूने आणि वर सुती कापड ठेवून. मी कापड धरलं होतं, त्या इस्त्री फिरवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी शाळेत लागले तेव्हा गळा मोकळा होता. हे वनखात्यात होते, भामरागडकडे. ताप आला आणि गेले. मी नकाशावर गोदावरी दाखवायचे, आणि पोरी माझ्या गळ्याकडे बघायच्या. मग एक स्कार्फ घेतला." इस्त्री थांबली. "कापड सरकव. इथे सुरकुती राहिली."

पुढे त्या विषयावर त्या माझ्याशी कधीच बोलल्या नाहीत.

एवढे स्कार्फ घरी धुऊन धुऊन त्यांचा हात इतका बसला होता की गावातल्या बायका आपलं रेशीम त्यांच्याकडे आणायला लागल्या. ओढण्या, स्कार्फ, लग्नातले दुपट्टे. बाई कोणाकडून काही घेत नसत. पण एक अट होती. ज्याचा डाग त्यानेच यायचं, रिकाम्या खुर्चीवर बसायचं आणि डाग कसा पडला ते पहिल्यापासून सांगायचं. "आधी हकिगत, मग पाणी."

त्यात खोटं काही नव्हतं. शाईला दूध लागतं, तेलाला खडू लागतो, आणि चुकीचं लावलं तर डाग जन्माचा बसतो. पण शाईचा डाग आहे एवढं सांगून बाईंचं भागत नसे. कोणती परीक्षा होती, पेपर कसा गेला, शेजारी कोण बसलं होतं, सगळं लागायचं. माजरीच्या कोळसा खाणीतला एक माणूस बायकोचा दुपट्टा घेऊन आला होता, काळ्या धुळीने भरलेला. त्याने तो येतायेताच नळाखाली धरला होता. बाईंनी कपाळावर हात मारला.

"ओला काऊन केला? कोळसा कोरडा झटकायचा असतो. आता तो धाग्यात गेला."

"मले काय मालूम बाई. बायको म्हणे जा, मी आलो."

"बायको कुठे आहे?"

"माहेरी गेली. भांडून."

"मग बस," बाई म्हणाल्या. त्या दिवशी तो माणूस संध्याकाळपर्यंत बसला होता. डाग पूर्ण गेला नाही. जाताना मात्र तो हसत होता.

एकच डाग त्या घेत नसत, खर्र्याचा. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं एकत्र थुंकलेलं. "खर्र्याची हकिगत मला ऐकायची नाही," असं म्हणून फाटकातूनच परत पाठवत. आमच्याकडे खर्रा खात नाही असं घर शोधावं लागतं, त्यामुळे बरेच जण "पानाचा हाय बाई, पानाचा" असं म्हणत आत यायचे. बाई नुसता वास घ्यायच्या आणि फाटकाकडे बोट करायच्या.

धुणं असं असायचं. रिठे आदल्या दिवशी भिजत घालायचे, गाळून त्याचा फेस गार पाण्यात मिसळायचा. स्कार्फ त्यात बुडवून नुसता हलवायचा, चोळायचा नाही. "झोपलेल्या लेकराचं अंग पुसतो तसं," बाई म्हणायच्या. पिळायचा तर मुळीच नाही. जुन्या लुगड्याच्या घडीत गुंडाळून दाबला की पाणी निघतं. मग सावलीत, पालथ्या टोपलीवर. अंगणात झाड नव्हतं म्हणून छत्री. शेजारची पोरं भिंतीवरून ओरडायची, "बाई, छत्री चुकीच्या डोक्यावर हाय!" बाई उत्तर द्यायच्या, "माझा रंग उडाला तर कोण विचारतंय!"

पण हळदीचं वेगळं होतं. हळद पाण्याने जात नाही, ती उन्हाने जाते. आणि ऊन तर रेशमाला सोसत नाही. म्हणून हळदीचा स्कार्फ धुऊन झाला की सकाळचं कोवळं ऊन त्याला थोडं दाखवायचं आणि ऊन तापायला लागलं की छत्री उघडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेजारी बसून लक्ष ठेवायचं. लग्नसराईत बाईंच्या अंगणात अशा टोपल्या मांडलेल्या असत आणि बाई मधे खुर्ची टाकून एकीवरची छत्री दुसरीवर नेत बसलेल्या असत.

एकदा एक सासू आली. पदराखाली प्लास्टिकची पिशवी लपवून. खुर्चीवर बसायलाही तयार नव्हती.

"बाई, सुनेचा रुमाल हाय. हळद लागली होती, मी साबण लावला. त पाहा न काय झालं."

स्कार्फवरचा पिवळा डाग लालभडक झाला होता.

"रक्तावानी दिसून राह्यलं," ती कुजबुजली. "लग्नाले महिना नाई झाला. पोरगा खदानीत उतरते माहा. मले झोप नाई येत बाई. पायगुण म्हणावं का काय म्हणावं?"

मला वाटलं बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी तिला हात धरून बसवलं. "आधी हकिगत. हळद कुठे झाली? पहिली कोणी लावली?"

हा प्रश्न त्या प्रत्येक हळदीच्या डागाला विचारायच्या. पहिली कोणी लावली, मग कोणी, गाणी कोणी म्हटली, नवरी हसत होती की रडत होती. ती सासू सांगता सांगता सैल होत गेली. मोठ्या जावेने सगळ्यांच्या आधी हात कसा मारला, मांडवातल्या बायांनी व्याह्यालाच कसं रंगवलं, तो पळताना धोतरात पाय अडकून कसा पडला. बोलण्याच्या भरात ती म्हणाली, "लय मजा आली बाई. तुमी बी याले पाह्यजे होतं."

आणि तिने जीभ चावली.

गावात बाईंना लग्नाची पत्रिका सगळीकडून यायची. त्या जायच्या, अक्षता टाकायच्या, जेवायच्या, यायच्या. हळदीला कोणी बोलवत नसे. नवरा गेलेल्या बाईला कोण बोलवतं? कोणी त्यांना तसं तोंडावर म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. गावातल्या सगळ्या मांडवांची हळद डागांच्या रूपाने त्यांच्या अंगणात यायची, आणि त्या कोणी कोणाला लावली ते ऐकत बसायच्या.

सासू पिशवीची घडी घालायला लागली. बाईंनी लिंबू कापलं, वाटीभर पाण्यात पिळलं, स्कार्फचं एक टोक आधी बुडवून पाहिलं. मग लाल डागावर ते पाणी थेंबाथेंबाने सोडलं. लाल रंग बघता बघता पिवळा झाला. सासूने दोन्ही हात तोंडावर धरले.

"हळदीचं आणि साबणाचं जमत नाही," बाई म्हणाल्या. "साबण लागला की लाल होते, आंबट लागलं की परत पिवळी. पायगुण वगैरे काही नाही. सुनेला बोललात का काही?"

"बोलली न बाई."

"मग तिलाही काहीतरी द्या आता घरी जाऊन. आंबट नको. गोड द्या."

ती बाई रडत रडत हसायला लागली. ती गेल्यावर बाईंनी तो स्कार्फ टोपलीवर पसरला आणि बराच वेळ त्याच्या कडा सरळ करत बसल्या. कडा आधीच सरळ होत्या.

ज्या रविवारी कोणी येत नसे तेव्हा त्या स्वतःचे स्कार्फ काढायच्या. त्यांवर डाग नसायचे. तरी रिठे भिजवायच्या, एकेक धुवायच्या, टोपलीवर पसरायच्या. त्या दिवशी त्या बोलत नसत. मी खोलीत पुस्तक घेऊन बसायचे, आणि बाहेर फक्त टोपली सरकवल्याचा आवाज यायचा. कधीकधी मी मुद्दाम बाहेर जाऊन रिकाम्या खुर्चीवर बसायचे. कॉलेजातलं काहीबाही सांगायचे. "डाग कुठे आहे?" त्या विचारायच्या. "नाही जी, असंच." "असंच कसं? बरं, सांग."

मी पदवीधर झाले त्याचं श्रेय द्यायचं तर बाबांच्या धानाला आणि त्या अंगणाला. नकाशा वाचायला, अर्ज लिहायला, मुलाखतीत मान वर करून बोलायला मी तिथे शिकले. नोकरी लागली, अहेरीला. मग लग्न ठरलं. माझी आई पत्रिका घेऊन माझ्याबरोबर स्वतः चिमूरला आली. आई शाळेत गेलेली नाही. ती खुर्चीच्या टोकावर बसली.

बाईंनी पत्रिका वाचली, छान आहे म्हणाल्या. मग आईला बजावलं, "हळदीचे कपडे वाळू देऊ नका. लगेच गार पाण्यात टाका. साबण लावू नका. आणि मग माझ्याकडे पाठवा."

आई म्हणाली, "पाठवू कायले? तुमीच या न हळदीले."

बाईंनी पत्रिकेची घडी घातली. परत उघडली. "मी येऊन काय करू? माझं काय काम तिथे?"

"काम नाई बाई. काम केल्याशिवाय येऊ नाई का कोणी?"

आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत बाईंच्या हातात ती पत्रिका होती.

घरी आत्याने ऐकलं आणि तिचा आवाज चढला. "सवाष्णीचं काम हाय ते! तुले काही समजते का नाई? पोरीचं लग्न हाय!"

आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "मंग तू लाव न पहिले. मी कुठी नाई म्हणून राह्यली? बाई आल्या त बसतीन."

येतील असं मला वाटत नव्हतं. हळदीच्या दिवशी मी पाटावर बसले, आत्याने पहिली हळद लावली, मग काकू, मग शेजारणी. गाणी सुरू झाली. सकाळची एसटी येऊन गेली होती. मी फाटकाकडे बघणं सोडून दिलं होतं. तेवढ्यात मांडवाच्या कडेला, पाण्याच्या ड्रमजवळ, काळी छत्री दिसली.

बाई उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, गळ्यात त्यांचा सगळ्यात जुना, मधाच्या रंगाचा स्कार्फ. त्या पुढे येईनात. हळद खेळणारी एखादी पोरगी जवळून पळाली की छत्री ढालीसारखी आडवी धरायच्या. बायकांनी त्यांना पाहिलं आणि गाणं थोडं मंद झालं. आत्याने आईकडे पाहिलं.

आईचे दोन्ही हात हळदीने भरलेले होते. ती तशीच उठून ड्रमजवळ गेली.

"बाई, छत्री मिटा."

"नको, मी इथेच बरी आहे. मी नुसती बघते."

"मिटा म्हणून राह्यली न मी."

बाईंनी छत्री मिटली नाही. मग आईच छत्रीखाली शिरली आणि तिने दोन्ही हात बाईंच्या गालांना लावले. हात गालांवरून घसरले ते गळ्याशी, थेट स्कार्फवर.

"अगं, अगं! कोसा आहे तो!" बाई ओरडल्या. वर्गात पोरींवर ओरडायच्या तशा.

मांडवात सगळं थांबलं. मला वाटलं आता आत्या काहीतरी बोलणार. आत्या बोललीच. "आता बसा धूत घरी जाऊन! अख्ख्या चिमूरच्या हळदी धुतल्या न, आता आपली धुवा!"

आधी आत्याच हसली, मग सगळ्याच. बाई हसल्या नाहीत. त्यांनी छत्री मिटली, ड्रमला टेकवून ठेवली आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला आपादमस्तक पाहिलं.

"कोपरं राहिली," त्या म्हणाल्या. "कोणाचं लक्ष आहे की नाही?" आणि वाकून, चार बोटं हळदीत बुडवून, त्यांनी माझी दोन्ही कोपरं नीट रंगवली. मी मान खाली घातली.

लग्नानंतर खोलीत राहिलेलं सामान न्यायला मी चिमूरला गेले. सकाळची वेळ होती. अंगणात एकच टोपली होती, तिच्यावर मधाच्या रंगाचा स्कार्फ. छत्री मिटून भिंतीला लावलेली. कोवळं ऊन स्कार्फवर पडलं होतं, आणि एका टोकाला माझ्या आईच्या पंजाचा पिवळा ठसा अजून ओळखू येत होता.

"बस," बाई म्हणाल्या. रिकाम्या खुर्चीवर नाही. तिच्यावर त्या स्वतः बसल्या होत्या. मला त्यांनी आपली खुर्ची दाखवली.

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. मी त्यांच्या खुर्चीवर बसले आणि विचारलं, "डाग कशाचा आहे बाई?"

"हळदीचा."

"कुठे पडला?"

"एका लग्नात," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या. गावाच्या एसटीत जागा कशी मिळाली नाही, मग दुसऱ्या गाडीने फाट्यापर्यंत कशा आल्या आणि तिथून एका बैलगाडीवाल्याने कसं आणलं. नवरीची आत्या कशी तोंडाची फटकळ पण मनाची चांगली. पहिली हळद आत्याने लावली, ती त्यांना पाहायला मिळाली नाही. गाणं म्हणणाऱ्या बाईचा आवाज कसा होता. वरणात मीठ कमी होतं. नवरी मान खाली घालून बसली होती, रडत होती की काय कोणास ठाऊक. मी तिथे नव्हतेच अशा थाटात त्या सांगत होत्या, आणि मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी "मग?" म्हणत होते.

ऊन तापायला लागलं. मी उठून छत्री उघडली आणि स्कार्फवर धरली.

"किती दिवसांनी जाईल?" मी विचारलं.

"घाई कशाला?" बाई म्हणाल्या. "रोज थोडं थोडं ऊन दाखवायचं."

सामान बांधून मी निघाले तेव्हा दूधवाला फाटकातून आत येत होता. त्याने टोपलीकडे पाहिलं. "बाई, हा त तुमचाच रुमाल दिसते. पिवळा कायनं झाला?"

"दूध ठेव तिकडे," मागून बाईंचा आवाज आला. "आणि बस त्या खुर्चीवर. आधी हकिगत ऐक."